कलेक्टर आणि गुंडी

विरुपाक्ष नागणसुरे याला आपण इथं एकेरीच म्हणणार आहोत. अहो-जाहोची त्याला फार हौस होती, आणि ती हौस पुरवणारं माणूस शेवटी शेवटी जगात एकच उरलं होतं. त्या एका माणसाचा मक्ता आपण कशाला मोडायचा?

सोलापूरच्या अक्कलकोट नाक्यावर जकातीच्या खोपटात त्यानं उभी हयात घालवली. हातात लोखंडी सळई. दुधनीकडून, अक्कलकोटाकडून गाडी आली की हा बाहेर यायचा, पोत्यात सळई खुपसायचा, टोकावर आलेले चार दाणे तळहातावर घ्यायचा आणि नाक मुरडायचा. "ही तूर? हिला तूर म्हनायचं?" तूर चांगली असली तरी म्हणायचा. जकातीचा आणि तुरीच्या चांगुलपणाचा काही संबंध नव्हता, पण गाडीवान बिचारे मान खाली घालून "व्हय रावसाहेब" म्हणायचे, आणि तेवढ्यासाठीच तो विचारायचा. पुढं पुढं ही सळई त्याच्या डोळ्यांत जाऊन बसली. लग्नात जेवायला बसला तर बुंदीला नावं ठेवायचा, मयताला गेला तर तिरडीच्या बांधणीला. जगात बघावं ते हलकं आणि आपण तेवढे भारी, या हिशेबावर त्याचं बरं चाललं होतं.

आणीबाणीच्या साली तो निवृत्त झाला. हारतुरे झाले, नारळ मिळाला, आणि सळई त्यानं आठवण म्हणून मागून घेतली. आठवडाभरानं सहज फिरत फिरत नाक्यावर गेला. सहज कसला, कुणीतरी उठून उभं राहील म्हणून गेला. नव्या कारकुनानं मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा, कडंला व्हा, गाडी यायलीय." विरुपाक्ष कडेला झाला. घरी येऊन त्यानं दोडक्याच्या भाजीला इतकी नावं ठेवली की ती भाजी माणूस असती तर घर सोडून गेली असती.

घरात ऐकून घ्यायला काशम्मा होती. ही त्याची बायको, दुधनीची, माहेर सगळं कन्नड. एकुलती मुलगी विजापुरात दिलेली, तेव्हा दोघांचाच संसार. काशम्मा मराठी बोलायची, कन्नड बोलायची, आणि बहुतेक वेळा दोन्हीची खिचडी. पण कुठल्याही भाषेत बोलली तरी वाक्याच्या शेवटी नवऱ्यासाठी एक 'री' ठेवायची. चहा घ्या री. मीठ कमी हाय का री. कन्नडातला तो मानाचा 'री', आपल्या 'अहो'सारखा. फक्त आपण तो आधी लावून मोकळे होतो आणि ते लोक शेवटी लावतात, म्हणजे वाक्य संपेपर्यंत माणसाचा जीव टांगणीला. विरुपाक्षाचा जीव कधी टांगणीला लागला नाही. लग्न झाल्यापासून 'री' चुकला नव्हता. त्यानं काही दिलं आणि ते नको असलं, तरी ती "ब्याड" असं नुसतं म्हणायची नाही. ब्याड म्हणजे नको. ती म्हणायची, "ब्याड्री." नकोसुद्धा मानानं. या बाईच्या प्रत्येक गोष्टीला तो नावं ठेवायचा, पण या 'री'त सळई खुपसून बघावी असं त्याला कधी वाटलं नाही. घरातला तेवढा एकच माल त्यानं न तपासता आत घेतला.

घर बाळीवेशीजवळ, दोन खोल्यांचं. मागं परस, म्हणजे दोन बाजा टाकल्या की संपला. एका अंगाला न्हाणी, दुसऱ्या अंगाला पूर्वेची भिंत, आणि ऊन म्हणाल तर त्या भिंतीशीच काय ते. तिथं डालड्याच्या डब्यात काशम्माचा गुलाब होता. माहेराहून आणलेली काडी होती ती. गुडघ्याएवढं झुडूप, फांद्या दाट, फूल फिकट गुलाबी आणि एवढंसं की मुठीत चार मावावीत. त्याची सेवा म्हणाल तर काहीच नाही. तांदूळ धुतले ते पाणी, डाळ धुतली ते पाणी. बहात्तरच्या दुष्काळात नळाला पाण्याऐवजी नुसता वारा यायचा, तेव्हा ते जेवून हात धुतलेल्या पाण्यावर जगलं आणि वर फुललं. काशम्मानं त्याची कधी छाटणी केली नाही. रोज सकाळी नखानं एक फूल खुडायची, तीच छाटणी.

ते फूल लिंगाला. काशम्मा न्हाऊन, कपाळाला विभूती लावून बसायची, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायची आणि त्यावर ते एवढंसं फूल ठेवायची. ते तिथं असं बसायचं, जणू मापानंच केलंय. फूल घरचंच हवं, आणि कुणी वास न घेतलेलं, एवढाच तिचा हट्ट. आयुष्यात दुसरा हट्ट तिनं केलेला कुणाला आठवत नाही.

विरुपाक्षाला त्या झाडाचा तिटकारा होता. "ह्याला गुलाब म्हनायचं? सदऱ्याची गुंडी हाय ही, गुंडी!" काशम्मा हसायची. तिला ते नाव आवडलं. "आज गुंडीला सात फुलं आलीत री," असं ती कौतुकानं सांगायला लागली. आपण केलेला पाणउतारा तिनं बारशाचं नाव म्हणून ठेवून घेतला, याचा त्याला जास्तच राग आला.

तो निवृत्त झाला त्याच हिवाळ्यात शहरातल्या कुठल्याशा बागप्रेमी मंडळानं गुलाबांचं प्रदर्शन भरवलं. विरुपाक्ष नावं ठेवायला म्हणून गेला. बघतो तर व्यासपीठावर सिद्धप्पा! नाक्यावर याच्या हाताखाली पावत्या फाडणारा, याच्या आधी दोन वर्षं घरी बसलेला सिद्धप्पा. गळ्यात हार, हातात कप, आणि भोंग्यातून आवाज, "प्रथम क्रमांक, सिद्धप्पासाहेब!" साहेब! फुलाकडं विरुपाक्षानं पाहिलंच नाही, त्याच्या कानात तो 'साहेब'च घुमत राहिला. वाटेत त्यानं ठरवून टाकलं की पुढल्या वर्षी भोंग्यातून आपलं नाव यायचं, आणि सिद्धप्पानं खाली बसून टाळ्या वाजवायच्या.

पावसाच्या तोंडाला त्यानं रोपवाल्याकडून कलमी गुलाब आणला. रोपवाल्यानं काहीतरी लांबलचक विलायती नाव सांगितलं. ते याच्या जिभेला वळलं नाही, म्हणून यानं आपलं नाव ठेवलं, 'कलेक्टर'. लाल भडक, वाटीएवढं फूल, कमरेएवढा दांडा. जागा अर्थात भिंतीजवळचीच. गुंडीचा डबा उचलून त्यानं न्हाणीच्या मोरीपाशी सावलीत ठेवला, डब्याच्या जागेवरच्या दोन फरश्या उखडल्या आणि हातभर खोल खड्डा खणला.

काशम्मा दारात उभी राहून बघत होती. कन्नडात गुंडी म्हणजे खड्डासुद्धा. ती म्हणाली, "माझी गुंडी काढली न् तुमची गुंडी खणली, व्हय री?" आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसली. विरुपाक्ष हसला नाही. कलेक्टरच्या बाबतीत थट्टा त्याला चालत नव्हती.

खड्डा बघायला सिद्धप्पा आला, किंवा विरुपाक्षानंच त्याला गूळ लावून आणला. सिद्धप्पानं माती चिमटीत घेतली, दाराकडं बघून काशम्मा आत गेल्याची खात्री केली आणि आवाज उतरवला. "ह्यात काय न्हाय. हाडाचा चुरा लागतोय."

विरुपाक्ष खड्ड्यापासून दोन पावलं मागं सरला. लिंगायताचं घर. या घरात अंड्याचं टरफल कधी आलं नव्हतं. नाक्यावरून हाडांची पोती जायची तेव्हा हा धोतराचा सोगा नाकाला लावून लांबूनच "जाऊ द्या, जाऊ द्या" म्हणायचा. साऱ्या नोकरीत सळई न खुपसता त्यानं सोडलेली पोती तेवढीच.

"काय बोलतोस सिद्धप्पा! आपल्यात?"

"घालतात की समदे. बोलत कोण न्हाय." मग आपण फार मोठा धर्म सांगतोय असा चेहरा करून सिद्धप्पा म्हणाला, "फकस्त एक. त्याचं फूल लिंगाला चढवायचं न्हाय. माझ्या घरात देवाला मी बाजारातनं मोगरा आणतो. पाप न्हाय न् ताप न्हाय."

असा हा सोयीचा धर्म. विरुपाक्षानं तो तिथल्या तिथं स्वीकारला. सोमवारी काशम्मा मठात गेली तेव्हा त्यानं चुऱ्याचं पोतं आणून खड्ड्यात रिकामं केलं. त्यातही शहाणपणा असा की पिठासारखा बारीक चुरा होता तो सोडून यानं खड्यासारखा जाडाभरडा, मधेमधे बोटाएवढे तुकडे राहिलेला घेतला. जाड माल जास्त दिवस टिकतो, हे नाक्यावरचं ज्ञान. वर माती ओढली, रोप लावलं, आणि आधाराला काठी हवी म्हणून आपली जकातीची सळई रोवून तिला कलेक्टर बांधला.

काशम्मा परत आली. "वास कसला यायलाय री?"

"विलायती खत हाय. खत काय अत्तर असतंय?"

तिनं मान हलवली. तो म्हणाला म्हणजे खत विलायती.

गल्लीतल्या कुत्र्याला मात्र विलायती म्हणून भागलं नाही. एक पांढरंतांबडं कुत्रं काशम्माकडं रोज भाकरीच्या तुकड्याला यायचं. ते आता भाकरी टाकून भिंतीकडं नाक लावायला लागलं. विरुपाक्षानं त्याला दगड मारला, आणि कलेक्टरभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. मग सेवा सुरू झाली. सकाळी पानं धुवायची, दुपारी गोणपाटाची सावली धरायची, संध्याकाळी किडे वेचायचे. काशम्मा आजारी पडली तेव्हा या माणसानं तिला पेलाभर पाणी दिलेलं नव्हतं, आणि आता तो झाडाच्या पानांना ताप आलाय का बघत होता. कलेक्टर तरी एवढ्यानं खूश व्हावा! आज पान पिवळं, उद्या काळे ठिपके, परवा कळी उमलायच्या आत गळली. मोरीपाशी गुंडीनंही जागा बदलल्याचा रुसवा धरला आणि कळ्या गाळल्या. काशम्माचं लिंग काही दिवस नुसत्या बेलाच्या पानावर राहिलं.

दिवाळी झाली आणि कलेक्टरला पहिलं फूल आलं. फूल खरंच देखणं होतं, त्यात खोटं नाही. प्रदर्शनाला अजून वेळ होता, हे फूल वायाच जाणार होतं. काशम्मा न्हाऊन आली, ओल्या हातानं पदर सावरत फुलापुढं उभी राहिली आणि तिनं विचारलं, "एक पाकळी घिऊ का री देवाला?"

आता बघा. नको म्हणायला एक क्षण पुरे होता. पण नको म्हटलं की का नको ते सांगावं लागणार. शिवाय, आणि हे खरं कारण, त्याला आतून गुदगुल्या झाल्या. इतकी वर्षं जिच्या गुंडीला मान होता, ती आज आपल्या कलेक्टरपुढं पदर पसरून उभी होती.

"एक कशाला?" तो म्हणाला. "समदं घे की."

तिनं समदं घेतलं नाही. तळहातावर अख्खं फूल ठेवून बघितलं तर लिंग त्याखाली दिसेनासं झालं, आणि ती हसली, "देव कुटं गेला म्हनून हुडकायचा का री?" मग दोन पाकळ्या तोडून तिनं लिंगाला वाहिल्या, डोळे मिटले, आणि पूजेचं तीर्थ नेहमीप्रमाणं नवऱ्याच्या तळहातावर घातलं. पहिल्या दिवशी ते त्याच्या घशात अडकलं. दुसऱ्या दिवशी जरा कमी अडकलं. आठवड्याभरात अडकायचं थांबलं. माणसाचा घसा ही फार सोयीस्कर वस्तू आहे.

पुढं गुंडीनं मोरीच्या सावलीतसुद्धा कुणी न सांगता पुन्हा कळ्या धरल्या. विरुपाक्षाला सुटल्यासारखं वाटलं, आता ही आपलं फूल घेईल आणि आपण मोकळे. पण काशम्मा कलेक्टरच्याच पाकळ्या घेत राहिली. म्हणाली, "तुमी एवढे कष्ट केलात. ते देवाला पोचू द्या की री." यावर कुठल्याही माणसाची मान खाली गेली असती. याची वर गेली.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली आणि प्रदर्शनाचा दिवस आला. पंधरा दिवस आधी विरुपाक्षानं काशम्माचा डोळा चुकवून चुऱ्याचा आणखी एक थर दिला होता. कलेक्टरनं त्याला जागून असं फूल दिलं की परीक्षकांनी दुसऱ्या टेबलाकडं बघितलंच नाही. भोंग्यातून आवाज आला, "प्रथम क्रमांक, विरुपाक्षसाहेब नागणसुरे!" सिद्धप्पा खाली बसून टाळ्या वाजवत होता. एका हाताची बोटं दुसऱ्या हाताला जेमतेम लागतील अशा टाळ्या, पण टाळ्याच. विरुपाक्षाला वाटलं, आता मेलो तरी चालेल. मेला असता तर बरं झालं असतं, पण तो मंडळाच्या सगळ्या मंडळींना संध्याकाळी चहाला बोलावून बसला.

आणि चहाला माणसं येणार तर परस नेटका दिसायला हवा. बाभळीच्या काट्या काय दिसतात! गावंढळ. त्यानं दुपारी स्वतःच्या हातानं सगळं कुंपण काढलं आणि गल्लीच्या टोकाला नेऊन टाकलं.

मंडळाच्या अध्यक्षीणबाई आल्या, दोन वकील आले, सिद्धप्पा आला. बाजेवर चादर घालून त्यांना बसवलं. कप मध्यभागी स्टुलावर. "झाडाला खत काय घालता?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं. "खत कसलं बाई," विरुपाक्ष म्हणाला, "निगा. नुसती निगा." सिद्धप्पा खोकला. वकिलांपैकी एकाचं लक्ष मोरीपाशी गेलं. "ते छोटं पण छान आहे हो." विरुपाक्षानं हात झटकला. "ती गुंडी. बायकांचा खेळ हाय."

काशम्मा आत दुसऱ्यांदा चहा ओतत होती. सगळ्यांची तोंडं विरुपाक्षाकडं, विरुपाक्षाचं तोंड कपाकडं, आणि परसाच्या उघड्या दारातून कुत्रं कधी आत आलं ते कुणाला कळलं नाही. कळलं तेव्हा माती उडत होती. विरुपाक्ष ओरडला, "हाड! हाड!" कुत्र्यानं तेच ऐकलं असावं, कारण पुढच्या क्षणाला त्याच्या तोंडात बोटाएवढं हाड होतं. वकील फिस्सकन हसले. कुत्रं बिचकलं, पळायला वाट बघायला लागलं, आणि तेवढ्यात चहाचं ताट घेऊन काशम्मा दारात आली. रोज जिच्या हातची भाकरी खाल्ली ती समोर दिसल्यावर कुत्रं शेपूट हलवत तिच्याकडं गेलं आणि ते हाड त्यानं तिच्या पायांशी ठेवलं.

"अगंबाई, हाड!" अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"शिव शिव!" हे सिद्धप्पा. हातातला कप त्यानं अशा घाईनं खाली ठेवला की अर्धा सांडला. "लिंगायताच्या घरात! काय हे विरुपाक्ष!"

"कुत्र्यानं कुटनं तरी आणलं असंल," विरुपाक्ष म्हणाला.

काशम्मानं ताट खाली ठेवलं. ती हाड ओलांडून भिंतीपाशी गेली. कुत्र्यानं उकरलेल्या जागी पांढरं पांढरं काही दिसत होतं. कलेक्टरला बांधलेली सळई तिनं उपसली आणि जरा पलीकडं, न उकरलेल्या मातीत खुपसली. वर काढली. टोकाला माती, आणि मातीत पांढरे खडे. सळई भिंतीला टेकवून तिनं ते तळहातावर घेतले. ज्या हातावर ती रोज लिंग घ्यायची तो हात तिनं पाठीमागं धरला होता, खडे उजव्या हातावर घेतले. मग मान वर करून तिनं नवऱ्याकडं पाहिलं. ही नजर विरुपाक्ष चांगली ओळखत होता. नाक्यावर किती वर्षं तो स्वतः याच नजरेनं गाडीवानांकडं बघत आला होता. फक्त ती आपल्याकडं बघते तेव्हा कशी लागते हे त्याला ठाऊक नव्हतं.

मंडळी उठली. कुणाला काम आठवलं, कुणाला उशीर झाला. सिद्धप्पा सगळ्यांत आधी गेला.

दिवेलागणीला काशम्मानं विचारलं, "तुमाला ठावं व्हतं का री?"

"आगं, फुलाला काय कळतंय? हाड काय, शेण काय, मातीत गेलं की माती."

"फुलाचं न्हाय इचारलं. तुमचं इचारलं."

"समदेच घालतात. सिद्धप्पा बी घालतो."

"सिद्धप्पाची बायकू ते फूल लिंगाला वाहती?"

विरुपाक्ष बक्षिसाचा कप धोतराच्या सोग्यानं पुसायला लागला.

"मी इचारलं व्हतं तुमाला. एक पाकळी घिऊ का म्हनून. तुमी म्हनालात समदं घे. आन् रोज समोर बसून बघत व्हता. तीर्थ बी घेतलात." तिचा आवाज चढला नाही. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं, रडणाऱ्या बाईवर ओरडायची त्याला सवय होती. ती उठून भाकरी थापायला गेली.

दुसऱ्या दिवशी ती मठात जाऊन आली. स्वामींनी ऐकून घेतलं, हसले, आणि लिंगाला पाण्याचा आणि विभूतीचा अभिषेक घालून मोकळं व्हायला सांगितलं. न कळत घडलं त्याला दोष नाही म्हणाले. देवाचं असं एका सकाळीत मिटलं. विरुपाक्षाला हायसं वाटलं. स्वामींनीच सांगितलंय म्हटल्यावर संपलं की! त्यानं खाकरून विचारलं, "मग, मिटलं न्हवं?"

"देवाचं मिटलं," काशम्मा म्हणाली.

तिनं डबा मोरीपासून उचलून पुन्हा भिंतीशी आणला. कलेक्टर तिनं उपटला नाही, त्याला हातसुद्धा लावला नाही. विरुपाक्षाला पानं धुवायला जावंसं वाटेना. तो जायला निघाला की तिचं बघणं पाठीला लागायचं. निगा थांबली आणि कलेक्टरनं होळीच्या आतच मान टाकली. एवढा मोठा साहेब, पण रोज कुणी सलाम केल्याशिवाय त्याला जगता येत नव्हतं. गुंडी मात्र तांदळाच्या पाण्यावर फुलत राहिली.

'री' गेला, हे विरुपाक्षाच्या ध्यानात यायला वेळ लागला. आधी काहीतरी चुकतंय एवढंच कळायचं, जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं. चहा वेळेवर होता, भाकरी गरम होती, धोतर धुतलेलं होतं. ती अरे-तुरे करत नव्हती, भांडत नव्हती. "चा ठिवलाय." "पाणी तापलंय." "भाकरी वाढलीय." वाक्य संपायचं, आणि त्याचा कान पुढच्या अक्षरासाठी उघडाच राहायचा. शिवी दिली असती तर उलट शिवी देता आली असती. भाजीला नाव ठेवता येतं, पण 'मला री म्हण' असं कुठल्या तोंडानं सांगायचं? मागून घेतलेल्या मानाचं मोल काय असतं हे नाक्यावरच्या रावसाहेबाला आता कळत होतं, आणि कळून उपयोग नव्हता. भोंग्यातून निघालेला 'साहेब' एका दुपारचा होता. हा 'री' जन्माचा होता. तो गेल्यावर जगात या माणसाला मानानं हाक मारायला कुणी उरलं नाही.

मग तो वेगळ्या वाटेनं गेला. सरळ माफी मागणं त्याच्या रक्तात नव्हतं, तेव्हा त्यानं ठरवलं की आपण गुंडीची सेवा करायची. जिला जन्मभर नावं ठेवली तिचीच सेवा! बायको बघेल, विरघळेल. एका सकाळी तो कात्री घेऊन गेला. छाटायला काही नव्हतं. रोज एक फूल खुडून काशम्मानं झाड नेटकं ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी पानांवर किडे शोधले. किडा नव्हता. गोणपाटाची सावली धरायला गेला तर झाड उन्हात खुशाल होतं. कलेक्टरला सगळंच लागायचं, आणि हिला या माणसाचं काहीच लागत नव्हतं. आयुष्यभर ज्याला हलकं म्हटलं त्याच्यापुढं हात जोडून उभं राहिलं, तर तेही म्हणतंय, कडंला व्हा आजोबा.

चैत्रातली सकाळ होती. ऊन आत्ताच चटके देत होतं. काशम्मा न्हाऊन, विभूती लावून गुंडीपाशी आली. तेवढ्यात तांब्याभर पाणी घेऊन विरुपाक्षही आला. नळाचं ताजं पाणी, स्वतः भरलेलं. डब्यावर त्यानं तांब्या कलता केला.

"ब्याड," काशम्मा म्हणाली.

तो तसाच थांबला. तांब्या कलता, पाणी काठाशी आलेलं. पुढचं अक्षर आता येईल, अजून येईल, असं म्हणत तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. तिनं नखानं एक फूल खुडलं, डाव्या हातावर ठेवलं आणि ती आत गेली.

विरुपाक्षानं वाकून डब्यातल्या मातीत बोट घातलं. माती ओलीच होती.